समोरचं दुकान

रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात.
गुनवोरला एकवीस वर्षं लागली.

तिची बेकरी, माझं खाटकाचं दुकान,
मधे लुले नदीकडं उतरणारा रस्ता
आणि ऑक्टोबरपासून त्यावर थिजलेला बर्फ.
पहाटे तीनला तिचा दिवा लागतो, चारला माझा.
एवढीच ओळख.
या गावच्या हिशेबानं भरपूरच.

मग एका मंगळवारी ती आत आली,
बाहीवर पीठ तसंच.
म्हणाली, रक्तात साखर निघाली.
पाव बंद, बटाटा बंद, बेरीचा मुरंबासुद्धा बंद.
आता चरबी खा म्हणतात, लोणी खा, मांस खा.
राईचं पीठ चिमटीत धरलं
की शेत सांगते मी,
पण मांसातलं मला ओ की ठो कळत नाही.
शिकव.

मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.
लोक बोट दाखवतात, मी तोलतो.
त्या दिवशी शब्द शोधत बसलो:
ही चरबी बघ, पिवळसर,
जूनमधल्या लोण्यासारखी. ही गाय कुरणात चरली.
ती शेजारची पांढरीफटक, दाण्यावर फुगवलेली,
तीही माझ्याकडंच आहे, लपवत नाही,
तीच जास्त खपते.
लालभडक रंगाला भुलू नकोस.
तीन आठवडे टांगलेलं मांस काळपट दिसतं,
कडेनं सुकतं, चव त्यात असते.
आणि बोटानं दाबून बघ,
दाबलेलं हळूच वर यायला हवं.

कणकेसारखं, ती म्हणाली.
हो. कणकेसारखं.

पहिला आठवडा वाईट गेला तिचा.
डोकं ठणकायचं, रात्री पोटऱ्यांत गोळे.
मी नळीची हाडं दिली, पैसे घेतले नाहीत,
दिवसभर उकळ, मीठ हात राखून घालू नकोस, पी.
दुसऱ्या आठवड्यात ती काही घ्यायला आली नव्हती,
नुसती उभी राहिली काट्याजवळ.
भट्टी उघडते ना, म्हणाली,
तेव्हा तोंडाला सुटतं ते पाणी
गिळून टाकते रोज पहाटे.
पुढं बोलली नाही.
मी सुरी पुसत राहिलो, स्वच्छच होती ती.

मग आन्तेनं डोंगरातून रेनडिअर आणले.
तिनं त्यातलं एक काळीज नेलं, लोण्यावर परतलं,
आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला
धापा टाकत दारात:
मला भूकच लागली नाही अजून!
कुणाच्या घरी मूल झाल्यासारखं सांगत होती.

माझंही एकदा चुकलं.
माझ्या बापाच्या हातचे सॉसेज म्हणून मोठ्या तोऱ्यात दिले.
तिनं एक मोडून वास घेतला,
आतलं बोटांवर चोळलं,
यात बटाट्याचं पीठ आहे.
पिठाबाबत तिला कोण फसवणार?
त्या रात्री पीठ न घालता केले, तव्यावर विखुरले.
दुसऱ्यांदा केले, कुत्र्यानं खाल्ले.
तिसऱ्यांदा जरा टिकले.
जरा.

पैसे ती चोख देते, वर एक पाव ठेवते काउंटरवर,
न बोलता, कागदात गुंडाळलेला, गरम.
तो मी दुपारी खातो,
शीतघराच्या दाराकडं तोंड करून, पाठमोरा,
उपाशी माणसासमोर जेवावं तशी लाज वाटते.

आज तिनं पकडलं.
विसरलेले हातमोजे घ्यायला आली होती.
वळ इकडं, म्हणाली. चाव.
मी घास तोंडात तसाच धरून उभा.
अरे चाव, मला ऐकू दे.

मी चावलो. वरचं कवच तडकलं.
तिनं डोळे मिटले होते,
मान किंचित कलती.

दोन मिनिटं जास्त राहिला,
म्हणाली, आणि हातमोजे पुन्हा विसरून
बर्फातून पळत सुटली भट्टीकडं.